कुंकू लावलेला ट्यूनर

हॅम रेडिओ हा मोठा थाटाचा छंद आहे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, सेट घ्यायचा, छपरावर तार टांगायची आणि शेदोनशे कोसांवरच्या एका तशाच माणसाला हाक मारून विचारायचं, माझा आवाज येतोय का? तो म्हणतो, येतोय, माझा येतोय का? मग दोघं एकमेकांना आपापल्या गावचं हवामान सांगतात आणि समाधानानं निरोप घेतात. या छंदाची थट्टा करायचा हक्क आमच्या तालुक्यात फक्त मला आहे, कारण परवाना माझ्याकडेच आहे. बाकीच्यांना थट्टा करण्याइतकीही माहिती नाही.

एका ग्रामीण महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो, तासिका तत्त्वावर. ज्यांना हे तत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पक्क्या प्राध्यापकाला पगार असतो, आम्हाला तास असतात. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही प्राध्यापक राहत नाही. शाळा-कॉलेजं उघडली की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच प्राचार्य आपल्याला विचारतात, “तुमचा विषय कोणता?” आदल्या वर्षभर त्यांच्याच शेजारी बसून आपण चहा प्यायलेलो असतो.

माझे आईवडील दोघंही जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर राबले. घरातला पहिला पदवीधर मी. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि फी न घेता गणित शिकवणारे गावातले गुरुजी, या तिघांचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मी कधी नाकारलं नाही. पण एक गोष्ट नंतर लक्षात आली. कृतज्ञ माणूस संस्थाचालकांना फार आवडतो. त्याचं मानधन दिवाळीनंतर आलं तरी तो “धन्यवाद सर” म्हणतो.

त्या वर्षी मूल्यांकनासाठी बाहेरून कमिटी येणार होती. कमिटी येणार म्हटलं की महाविद्यालयाला लग्नघराचं रूप येतं. भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, ज्या ग्रंथालयाला कुलूप असायचं त्यात विद्यार्थ्यांना आणून बसवलं गेलं. प्रत्येक विभागानं एक “नावीन्यपूर्ण उपक्रम” दाखवायचा होता. प्राचार्यांनी मला बोलावलं.

“सर, तुमचं ते रेडिओचं आहे ना? ते आपल्या लॅबमध्ये लावा. कमिटीसमोर बाहेरगावचा आवाज आला पाहिजे.”

“लावतो सर. सेटची जागा बदलायची सरकारी परवानगी घेतो.”

“घ्या. आणि पुढच्या वर्षीच्या तासांचं आपण बघूच. आवाज आला की मला भाऊंकडे शब्द टाकायला तोंड राहील.”

भाऊ म्हणजे संस्थेचे सचिव. सगळे तास त्यांच्या सहीनं मिळतात. त्यांचा एक भाचा त्याच वर्षी एमएस्सी झाला होता आणि आमच्या विभागात उगाच चकरा मारू लागला होता. तेव्हा प्रश्न सरळ होता. आवाज आला तर पुढच्या वर्षी तास माझे, नाही आला तर भाच्याचे.

सेट माझा स्वतःचा होता, जुना. तारेचा प्रश्न होता. रेडिओलहरींचा जो पट्टा दिवसा चालतो त्याला लांब सरळ तार लागते. महाविद्यालयाची गच्ची लांब होती, पण एका टोकाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला संस्थेच्या नावाची दिव्यांची अक्षरं. मधे संस्थापकांचा, म्हणजे भाऊंच्या वडलांचा, छपराएवढा फोटो. मी तार त्याच्यावरून नेली तर भाऊ खालूनच ओरडले.

“सर! बाबुजींच्या डोक्यावरून तार नेता काय? लोकं काय म्हणतीन?”

“भाऊ, पातळ तार आहे. दिसतही नाही.”

“मले दिसून राह्यली ना!”

मग तार टाकीपासून निघाली, बाबुजींच्या खांद्यापाशी वळली, आणि लागते त्याच्या अर्ध्याहून थोडी जास्त उरली. अशा आखूड तारेचा त्रास असा की सेट तिच्यात ताकद पाठवतो आणि ती बरीचशी परत पाठवते. सेटच्या जीवाला धोका. यावर उपाय म्हणजे ट्यूनर. सेट आणि तार यांच्या मधे बसणारा हा मध्यस्थ असतो, सोयरीक जुळवणाऱ्या मामासारखा. मुलगा बुटका असतो तो बुटकाच राहतो, पण दोन्हीकडच्यांना वाटतं की जुळलं. तयार ट्यूनर बाहेरून मागवावा लागतो. नागपूरच्या एका बुजुर्ग हॅमनी मला फोनवर सांगितलं, “हॅमनं ट्यूनर स्वतः बनवायचा असतो. विकत घेतो तो गिऱ्हाईक.” स्वतः त्यांनी तो जपानचा घेतलेला आहे, हे मला नंतर कळलं.

बनवायला फार काही लागत नाही. तांब्याची एक गुंडाळी आणि दोन गँग. गँग म्हणजे जुन्या रेडिओत स्टेशन लावायच्या बटणामागे असायचे ते: ॲल्युमिनियमच्या पात्यांचे दोन पंखे, एक फिरताना दुसऱ्याच्या फटीत शिरणारा, एकमेकांना कधीही न शिवणारा. त्यांच्या मधली हवा हाच त्यांचा सगळा गुण. तिथं हवेशिवाय काही आलं की काम संपलं.

गँगसाठी पुसदला गेलो. तिथल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे माळ्यावर मेलेले रेडिओ रचून ठेवलेले आहेत. त्यांनी दोन काढून दिले आणि विचारलं, “कायले पायजे सर?”

“यावरून बोलायचं आहे.”

“बोलासाठी?” ते हसले. “बाप्पा! बोलणारे तं गावात रग्गड हायेत. ऐकणारा कोठून आणान?”

गुंडाळीची तार मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून घेतली. उन्हाळ्याचे दिवस, दारात जळालेल्या मोटरींची रांग. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, “किती एचपी?”

“एचपी नाही. रेडिओसाठी पाहिजे.”

आता त्यानं मान वर केली. “रेडिओले एवढा जाड तार? विहिरीत सोडता का सर रेडिओ?”

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. हसण्यावारी न्यायची सवय तासिका तत्त्वात लागतेच.

घरी कॅरमची एक फुटकी फळी होती, तिच्यावर सगळं बसवलं. बोअरच्या पाइपाच्या तुकड्यावर तार गुंडाळली, वेढ्यांना अंतर राहावं म्हणून मधून सुतळी घातली आणि नंतर काढून घेतली. कूलरची जुनी बटणं गँगच्या दांड्यांना लावली. वेढा कमीजास्त करायला मगरचिमटा. बायको म्हणाली, “हे लॅबमध्ये ठेवणार? मुलांचा प्रोजेक्ट वाटेल.” मी म्हणालो, मुलांचे प्रोजेक्ट बाजारातून येतात, हे घरी केलेलं आहे. वरून मी अॅक्रिलिकचं झाकणही कापून बसवलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून.

लॅबमध्ये जोडलं. एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं, चिमटा एका वेढ्यानं सरकवला. परत येणारी ताकद दाखवणारा काटा हळूहळू खाली आला आणि शून्याला टेकला. सांगायला लहान गोष्ट आहे. पण आयुष्यात प्रथमच माझ्याकडून निघालेलं काही अर्ध्या वाटेवरून परत आलं नव्हतं. हाक मारली. सोलापूरकडच्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं, तुमचा आवाज स्वच्छ आहे. मी त्यांना यवतमाळचं ऊन सांगितलं, त्यांनी मला सोलापूरचं सांगितलं. दोन्हीकडे सारखंच होतं. कमिटी येईल त्या सकाळी याच वेळेला पुन्हा भेटायचं ठरलं.

आता उपक्रम तयार होता, म्हणजे उद्घाटन आलं. आमच्या महाविद्यालयात भाऊंनी नारळ फोडल्याशिवाय नवीन नळालाही पाणी येत नाही. पाण्याचं मशीन, झेरॉक्सचं मशीन, मुलींचं स्वच्छतागृह, सगळ्यांची पूजा झालेली आहे आणि सगळ्यांवर वाळलेल्या कुंकवाचे ठिपके आहेत. स्वच्छतागृह सोडून बाकी दोन्ही बंद आहेत, पण तो योगायोग असेल.

कमिटीच्या दिवशी सकाळी, ती यायच्या आधी, भाऊ ताट घेऊन लॅबमध्ये आले. बरोबर प्राचार्य, भाचा, शिपाई आणि फोटोवाला.

“झाकण काहाडा सर. फोटोत आतलं दिसलं पायजे.”

“भाऊ, झाकणावरूनच करा ना. आत पाणी गेलं तर बिघडेल.”

“पूजेनं कोणाचं बिघडते काय?”

प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. “सर, तुमचं तुमच्या ठिकाणी बरोबर आहे. तुमच्याकडं हे चालत नाही, मला कल्पना आहे. पण भाऊंचं मन राखा.”

इथं मला थांबावं लागलं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी नारळ फक्त चटणीत पडतो, हे खरं. पण दुसऱ्याच्या पूजेला मी कधी आडवा गेलो नाही. माझा आक्षेप धर्माचा नव्हता, विजेचा होता. तोच आक्षेप दुसऱ्या आडनावाच्या माणसानं घेतला असता तर तो विज्ञान ठरला असता. माझ्या तोंडून निघाला की त्याचा धर्म होणार, हे प्राचार्यांच्या त्या मऊ आवाजातच ठरून गेलं होतं. मी झाकण काढलं.

भाऊंनी पूजा मनापासून केली, हे कबूल केलं पाहिजे. सेटला टिळा, गुंडाळीला टिळा. मग गँगकडे पाहून ते थबकले. एवढी पाती पाहून त्यांना वाटलं असावं की मुख्य दैवत हेच. त्यांनी चिमूटभर कुंकू आणि अक्षता वरून सोडल्या. टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि फुलानं पाणी शिंपडलं, सढळ हातानं, चारी बाजूंनी. फोटोवाला म्हणाला, “भाऊ, एकदा आणखी.” भाऊंनी आणखी एकदा शिंपडलं.

ते ताट घेऊन बाहेर पडले तसा मी सेट सुरू करून बोलायचं बटण दाबलं. ट्यूनरमधून चर्रर्र असा आवाज आला. पात्यांच्या फटीत निळी ठिणगी नाचली, ताकद दाखवणारा काटा उलटा टोकाला जाऊन आदळला आणि सेटनं स्वतःला वाचवण्यासाठी तोंड मिटून घेतलं. लॅबभर जळक्या नारळाचा वास सुटला. वास, खरं सांगायचं तर, चांगला होता.

भाचा दारातच होता. “काय झालं सर? बंद पडलं का?” त्याच्या आवाजात काळजी होती, पण ती कुणाची ते कळलं नाही.

रसायनशास्त्रातून स्पिरिट आणलं, रंगाचा ब्रश आणला. अक्षता चिमट्यानं एकेक काढल्या. पण ओलावा पात्यांच्या मुळाशी शिरला होता. शिपाई म्हणाला, “सर, खाली पोरींच्या ब्युटी कोर्समधी केस सुकवाची मशीन हाये. आणू काय?”

“आण. लवकर.”

“पण कमिटी आधी तिथंच जाणार हाये म्हणते.”

“मग पळत आण!”

तो पळाला. कमिटी ब्युटी कोर्सच्या खोलीत शिरली तेव्हा टेबलावर ‘हेअर ड्रायर’ असं सुबक लेबल होतं आणि लेबलापुढं काहीच नव्हतं. ड्रायर वर पदार्थविज्ञानाच्या टेबलावर घोंघावत होता आणि मी एका रेडिओचे केस सुकवत होतो, तेवढ्यात मागून पावलं आली.

कमिटीत तीन जण होते. अध्यक्ष दमलेले दिसत होते. सकाळपासून त्यांना तीन ठिकाणी शाल मिळाली होती आणि उन्हात ती खांद्यावर होती. बोलत होत्या त्या दुसऱ्या सदस्य बाई, पुण्याकडच्या. मागे प्राचार्य आणि भाऊ.

“हे काय चाललंय?” बाईंनी विचारलं.

“कॅलिब्रेशन, मॅडम,” प्राचार्य म्हणाले. “रोज सकाळी करावं लागतं.”

“ड्रायरनं?”

“आधुनिक पद्धत आहे.”

बाईंनी वाकून पाहिलं. “आणि हे लाल काय आहे?”

“ते... इंडिकेटर,” प्राचार्य म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत पुढच्या वर्षीचे सगळे तास होते. मी “हो” म्हणालो असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण मुलांना मी हेच शिकवतो की हवेच्या जागी दुसरं काही आलं की वीज उडी मारते. तिथं त्या लाल गोष्टीला इंडिकेटर म्हणणं मला जमेना.

“कुंकू आहे, मॅडम,” मी म्हणालो. “आणि नारळाचं पाणी. आत्ताच उद्घाटन झालं. त्यामुळे आत ठिणगी पडते. वाळलं की चालेल.”

ड्रायर घोंघावत होता. भाऊंचा चेहरा पाहायची मला हिंमत झाली नाही.

बाई म्हणाल्या, “द्या तो इकडं. तुम्ही ब्रशनं काढा, मी वारा धरते.”

आणि पुण्याच्या बाईंनी शाल खुर्चीवर टाकून ड्रायर धरला. अध्यक्षांनीही आपली शाल काढली. ते निमित्तच शोधत असावेत. थोड्या वेळानं मी हळूच बटण दाबलं. ठिणगी नाही. दोन्ही गँग पुन्हा जुळवले. काटा खाली आला, अगदी शून्याला नाही, पण सेट बोलायला तयार झाला. मी हाक मारली. सोलापूरकर वेळेचे पक्के, ते वाटच पाहत होते.

“आवाज येतोय, पण मघाशी कुठं होता तुम्ही?”

“उद्घाटन होतं,” मी म्हणालो.

“वा, वा. अभिनंदन. हवामान कसं आहे?”

“ऊन आहे.”

“इकडंही ऊनच आहे.”

कमिटीनं टाळ्या वाजवल्या. एवढ्या खटाटोपातून दोन गावांचं ऊन एकमेकांना कळलं, याचं त्यांना कौतुक वाटलं की दया आली, मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी भाऊ माझ्याशी बोलले नाहीत. नंतरही नाहीत. प्राचार्यांनी एकदा व्हरांड्यात सांगितलं, “सर, तुम्ही भाऊंना चारचौघांत पाडलं. आता मी कोणत्या तोंडानं शब्द टाकू?” मी म्हणालो, सर, आवाज तर आला. ते म्हणाले, “आवाजाचं कोण विचारतंय आता.”

कॉलेज उघडताना मुलाखती झाल्या. त्यांनी मला माझा विषय विचारला, मी सांगितला. तास भाच्याला मिळणार हे चहावाल्यालाही माहीत होतं. आईला मी काही सांगितलं नाही. ती फोनवर विचारायची, “यंदा पक्के कराचे हायेत काय तुले?” मी म्हणायचो, पाहू.

मग कमिटीचा अहवाल आला. आमच्या महाविद्यालयाबद्दल फारसं चांगलं त्यात नव्हतं. ग्रंथालयात मुलं होती पण पुस्तकांवर धूळ होती, हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. ज्याची स्तुती झाली असं एकच ठिकाण होतं: विद्यार्थ्यांसाठीचा हौशी रेडिओ उपक्रम, तो चालू ठेवावा आणि वाढवावा. दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर भाऊ ट्यूनरवर पाणी शिंपडताना दिसत होते. मी कुठंच नव्हतो, माझा कोपर मात्र होता.

प्राचार्यांनी मला फोन करून बोलावलं. केबिनमध्ये भाऊही बसलेले होते.

“सर, तास या वर्षी भाऊंच्या भाच्याकडं आहेत,” प्राचार्य म्हणाले. “पण रेडिओ तुम्ही बघायचा. उपक्रम म्हणून. मानधन नाही, पण अनुभवाचं प्रमाणपत्र देऊ.”

“भाचे बघतील की रेडिओ,” मी म्हणालो.

“त्याले नाई येत ना,” भाऊ प्रथमच बोलले.

“येण्याचा प्रश्न नाही भाऊ. परवाना लागतो. परवान्याशिवाय बटण दाबणं गुन्हा आहे.”

“मंग काहाडू त्याचा परवाना. कोणाले भेटा लागते?”

“परीक्षा द्यावी लागते.”

भाऊंनी प्राचार्यांकडं पाहिलं. परीक्षा या गोष्टीला कुणाला भेटावं लागत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागत होता.

प्राचार्यांनी पुन्हा तो मऊ आवाज लावला. “सर, संस्थेनं तुम्हाला इतकी वर्षं सांभाळलं. थोडी कृतज्ञता...”

“आहे सर,” मी म्हणालो, आणि ती होतीच. गुरुजींची होती, शिष्यवृत्तीची होती, आईच्या हातांची होती. या केबिनची किती आहे ते मी प्रथमच मनात मोजत होतो. “सेट माझा आहे, ट्यूनर माझा आहे, परवाना माझा आहे. मी घरून लावतो.”

मी उठलो, वर लॅबमध्ये गेलो. तारेचं टोक सोडवलं. सेट पिशवीत घातला, ट्यूनर कॅरमच्या फळीसकट काखेत धरला आणि जिना उतरलो. केबिनसमोरून जाताना दार उघडलं.

“अहो सर, असे कुठं चालले?” भाऊ म्हणाले. “या ना आत. कायले तापता? चहा सांगितला हाये.”

“चहा घेतो, भाऊ. तासांचं काय ते आधी सांगा.”

भाऊ प्राचार्यांकडे वळले. “किती तास होते सरांचे?”

“होते तेवढे...” प्राचार्य म्हणाले.

“मंग तेवढे सरांलेच द्या. भाच्याले जुनिअरमधी टाका. आणि रेडिओचे वेगळे लावा. लिहा.”

“वेगळे म्हणजे मानधनाचे?” मी विचारलं.

भाऊ मग हसले, अगदी थोडं. “लय शिकले सर तुमी.”

“तुमच्याच कॉलेजात, भाऊ.”

क्लार्कला हाक गेली. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागत होता. समोर चहा आला, त्यावर साय धरली. प्राचार्य म्हणाले, “सर, ते ठेवा ना टेबलावर. जड असेल.”

“असू द्या सर,” मी म्हणालो, आणि ऑर्डरवर सही होईपर्यंत ट्यूनर मांडीवरच धरून बसलो.